घरासाठी व जोडधंद्यासाठी सौर वीज : बसविण्यापूर्वीचा हिशेब

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवावे की नाही, आणि बसविलेच तर किती किलोवॅटचे, हा प्रश्न शेतकरी मेळाव्यात व शिवारफेरीत आता नेहमी विचारला जातो. विक्रेता सांगतो की बिल शून्य होईल. शेजारी सांगतो की तीन वर्षांत पैसे वसूल झाले. दुसऱ्या गावातील पाहुणा सांगतो की पैसे अडकून पडले. हे तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, कारण एकाच संचाचा हिशेब तीन घरांत तीन प्रकारे येतो.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवावी. सौर पॅनेल परवडते की नाही हे केवळ पॅनेलच्या किमतीवर ठरत नाही; पॅनेलमुळे आपल्या बिलातील कोणते युनिट वाचते, महाग की स्वस्त, यावर ते ठरते. हा हिशेब घरच्या घरी कसा मांडावा याची माहिती या लेखात दिली आहे.

संच किती वीज देतो?

महाराष्ट्रात १ किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट व वर्षाला १,४०० ते १,४५० युनिट वीज देतो. मार्च ते मे या काळात उत्पादन जास्त मिळते, तर जुलै-ऑगस्टमध्ये ते बरेच घटते. कोकण व घाटमाथ्यावर पावसाळ्यातील घट अधिक असते.

जितके ऊन कडक तितकी वीज जास्त, असा समज आहे. तो पूर्णपणे बरोबर नाही. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारणपणे ०.३ ते ०.४ टक्के घटते. मे महिन्यात दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापते, तेव्हा १० ते १४ टक्के वीज केवळ उष्णतेमुळे कमी मिळते. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल इतकी मोकळी जागा ठेवावी.

दरवर्षी पॅनेलची क्षमता अर्धा टक्का किंवा त्याहून थोडी अधिक कमी होत जाते. पॅनेल २५ वर्षे चालते असे धरण्यास हरकत नाही. इन्व्हर्टर मात्र तितका टिकत नाही. साधारण १० वर्षांनी तो बदलावा लागेल असे धरून त्यासाठी दरवर्षी काही रक्कम बाजूला ठेवावी. विक्रेत्याच्या हिशेबात ही रक्कम सहसा दाखविलेली नसते.

आधी वीजबिल वाचावे

घरगुती विजेचा दर सर्व युनिटांना सारखा नसतो. पहिली १०० युनिटे स्वस्त असतात आणि त्यापुढील टप्प्यांचा दर वाढत जातो. २०२४-२५ या वर्षी महावितरणचा घरगुती दर, वीज आकार व वहन आकार मिळून, पहिल्या १०० युनिटांसाठी ५ रु. ८८ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटांसाठी ११ रु. ४६ पैसे होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरल्यास पहिल्या टप्प्यातील युनिट सुमारे ६ रु. ८० पैशांना व दुसऱ्या टप्प्यातील युनिट सुमारे १३ रु. ३० पैशांना पडत होते. त्यानंतर दर बदलले आहेत, म्हणून स्वतःचा हिशेब करताना ताज्या बिलावरील आकडे घ्यावेत. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

छपरावर तयार झालेली वीज बिलातील सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातील युनिटे आधी कमी करते. ती संपल्यावरच स्वस्त युनिटांची पाळी येते. त्यामुळे पहिल्या किलोवॅटपासून मिळणारा फायदा सर्वांत मोठा असतो व पुढील प्रत्येक किलोवॅटचा फायदा कमी होत जातो. स्थिर आकार तर वीज वापरली किंवा न वापरली तरी भरावाच लागतो. म्हणून बिल अगदी शून्य होईल ही अपेक्षा ठेवू नये.

अनुदान किती?

केंद्र शासनाच्या फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत घरगुती ग्राहकांसाठी पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट रु. ३०,०००/- व तिसऱ्या किलोवॅटसाठी रु. १८,०००/- असे अनुदान ठरविण्यात आले. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी एकूण मर्यादा रु. ७८,०००/- आहे. दुकान, गिरणी, प्रक्रिया उद्योग यांच्या जोडणीला हे अनुदान मिळत नाही.

अनुदानाबाबत तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, संच बसवून तपासणी झाल्यानंतर रक्कम बँक खात्यात जमा होते. म्हणजे सुरुवातीला पूर्ण रकमेची तजवीज करावी लागते. दोन, अनुदानासाठी भारतात बनलेले सेल व पॅनेल वापरावे लागतात आणि काम नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच करून घ्यावे लागते. तीन, वीजजोडणी, घर व बँक खाते यांवरील नावे जुळली पाहिजेत. अनेक घरांत वीजबिल अद्याप वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर येते. अशा वेळी नाव बदलण्याचा अर्ज सर्वांत आधी करावा.

दोन घरांचा हिशेब

पुढील हिशेबात १ किलोवॅटच्या संचाची किंमत रु. ७०,०००/-, २ किलोवॅटची रु. १,३०,०००/- व ३ किलोवॅटची रु. १,८५,०००/- अशी उदाहरणादाखल धरली आहे. अनुदान वजा जाता घरचा खर्च अनुक्रमे रु. ४०,०००/-, रु. ७०,०००/- व रु. १,०७,०००/- येतो. विजेचा दर वर दिलेलाच घेतला आहे.

पहिले घर : महिन्याला सरासरी २८० युनिटे वापर. फ्रीज, टीव्ही, पंखे, घरगुती पाण्याची मोटर व मिक्सर असलेले हे मोठे कुटुंब आहे.

तक्ता क्र. १ : २८० युनिटे वापरणाऱ्या घराची बचत

| संच (कि.वॅ.) | अनुदान वजा खर्च (रु.) | दरमहा बचत (रु.) | वार्षिक बचत (रु.) | देखभाल व इन्व्हर्टर निधी, वार्षिक (रु.) | खर्च वसूल होण्यास लागणारी वर्षे |
|---|---|---|---|---|---|
| १ | ४०,००० | १,५९६ | १९,१५२ | १,५०० | सुमारे सव्वादोन |
| २ | ७०,००० | २,८०२ | ३३,६२४ | २,५०० | सुमारे सव्वादोन |
| ३ | १,०७,००० | ३,०७४ | ३६,८८८ | ३,००० | तीनपेक्षा थोडी जास्त |

तक्त्यातील शेवटची ओळ पाहून ३ किलोवॅटचा संचही चांगलाच दिसतो. परंतु दोनवरून तीनवर जाताना काय घडले ते वेगळे काढून पाहावे. खर्च रु. ३७,०००/- ने वाढला आणि वार्षिक बचत फक्त रु. ३,२६४/- ने वाढली. कारण २ किलोवॅटच्या संचाने महाग युनिटे सर्व संपविली होती. तिसऱ्या किलोवॅटच्या वाट्याला केवळ ४० स्वस्त युनिटे आली. निधी वजा जाता या तिसऱ्या किलोवॅटचे पैसे वसूल होण्यास तेरा वर्षांहून अधिक काळ लागतो. महिन्याला सुमारे ८० युनिटे शिल्लक राहतील, पण त्यांची किंमत फारशी येत नाही. ते पुढे पाहू. या घराने २ किलोवॅटवर थांबणे शहाणपणाचे आहे. घरात लवकरच विजेची शेगडी, वातानुकूलन यंत्र किंवा विजेवर चालणारी दुचाकी येणार असेल, तरच तिसऱ्या किलोवॅटचा विचार करावा.

दुसरे घर : महिन्याला सरासरी ९० युनिटे वापर. येथे सर्व वीज पहिल्याच, स्वस्त टप्प्यातील आहे. १ किलोवॅटच्या संचाने दरमहा रु. ६१२/-, म्हणजे वर्षाला रु. ७,३४४/- वाचतात. निधी वजा जाता रु. ४०,०००/- वसूल होण्यास पावणेसात ते सात वर्षे लागतात. पॅनेलचे आयुष्य पाहता हा व्यवहार तोट्याचा नाही. पण हे कुटुंब कर्ज काढून संच बसवणार असेल तर हिशेब बदलतो. रु. ४०,०००/- चे कर्ज ७ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतल्यास दरमहा हप्ता सुमारे रु. ७९०/- येतो, आणि बचत मात्र रु. ६१२/- ची होते. पाच वर्षे दरमहा पावणेदोनशे रुपये पदरचे घालावे लागतील. पहिल्या घराने २ किलोवॅटसाठी रु. ७०,०००/- चे असेच कर्ज घेतले तर हप्ता सुमारे रु. १,३९०/- व बचत रु. २,८०२/- होते, तेथे कर्ज आपोआप फिटते.

म्हणून कर्जाबाबत सोपा नियम असा : दरमहा होणारी बचत हप्त्यापेक्षा जास्त असेल तरच कर्ज काढावे. कमी वापराच्या घराने स्वतःची शिल्लक असेल तर संच बसवावा, नसेल तर घाई करू नये. त्या पैशांची गरज बियाणे, खत किंवा दुभत्या जनावरासाठी असेल, तर आधी तिकडे लक्ष द्यावे.

शिल्लक युनिटे आणि ३१ मार्च

नेट मीटर बसविल्यावर दिवसा जास्त झालेली वीज महावितरणच्या तारेत जाते व तिची नोंद आपल्या नावे होते. रात्री किंवा पुढील महिन्यात ती वापरातून वजा होते. ही शिल्लक आर्थिक वर्षात पुढे नेता येते. ३१ मार्चला जी युनिटे उरतात, त्यांचा मोबदला आपण वीज विकत घेतो त्याच्या मानाने बराच कमी दराने मिळतो. वीज विकून नफा कमवण्यासाठी ही व्यवस्था नाही.

घरासाठी ही पद्धत सोयीची आहे, कारण एप्रिल-मेमध्ये साठलेली युनिटे पावसाळ्यात उपयोगी पडतात. हंगामी धंद्यासाठी मात्र ही तारीख फार महत्त्वाची ठरते. कोल्हापूर भागातील गुऱ्हाळ ऑक्टोबरनंतर चालते. तेथे उन्हाळ्यापासून साठत गेलेली युनिटे हंगामात वापरली जातात व मार्चपर्यंत संपतात. रत्नागिरीकडील आंबा प्रक्रिया उद्योगाचा हंगाम एप्रिल ते जूनचा असतो. हंगाम संपल्यावर नऊ महिने युनिटे साठत जातात आणि पुढचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावरच, ३१ मार्चला, ती स्वस्तात जातात. एकाच क्षमतेचा संच, एकच दर, तरीही दोन धंद्यांच्या मिळकतीत मोठा फरक पडतो. अशा उद्योगाने हंगामाच्या गरजेइतका मोठा संच न बसविता वर्षभराच्या किमान वापराइतकाच बसवावा.

जोडधंद्याचा हिशेब

दूध शीतकरण, पिठाची गिरणी, डाळ मिल, कुक्कुटपालन, रोपवाटिका अशा धंद्यांना अनुदान नाही. पण त्यांचे बरेचसे काम दिवसा चालते ही जमेची बाजू आहे.

समजा, एका गोठ्यावर कडबाकुट्टी, दूध काढणी यंत्र व दूध थंड करण्याची टाकी आहे आणि १० किलोवॅटचा संच रु. ५,५०,०००/- ला मिळतो. वर्षाला १४,४०० युनिटे तयार होतील. सर्व युनिटे वापरली गेली व प्रत्येकामागे ९ रुपये वाचले, तर वार्षिक बचत रु. १,२९,६००/- होईल. देखभाल व निधीचे रु. १०,०००/- वजा केल्यास साडेचार-पावणेपाच वर्षांत पैसे वसूल होतात. पण वापर ८,००० युनिटांचाच असेल, तर निव्वळ बचत रु. ६२,०००/- वर येते व वसुलीला जवळजवळ नऊ वर्षे लागतात. १० टक्के व्याजाने ७ वर्षांचे कर्ज घेतल्यास दरमहा हप्ता सुमारे रु. ९,१३०/- येईल. पहिल्या गोठ्याला तो निघतो, दुसऱ्याला निघत नाही.

ज्या ग्राहकांना दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळे दर लागू आहेत, त्यांनी दिवसाचाच दर हिशेबात घ्यावा. सौर वीज दिवसा तयार होते आणि दिवसा सवलतीचा दर असेल, तर बचतही त्याच प्रमाणात कमी धरावी. जे उद्योजक हिशेबाच्या वह्या ठेवून आयकर भरतात, त्यांना सौर संचावर ४० टक्के घसारा मिळू शकतो. अंदाजित उत्पन्न पद्धतीने कर भरणाऱ्यांना तो वेगळा मिळत नाही. याबाबत आपल्या कर सल्लागारास विचारावे.

वस्तीवरील घराने विशेष काळजी घ्यावी

बॅटरी नसलेला संच तारेत वीज असेल तेव्हाच चालतो. वीज गेली की भर उन्हातही तो बंद पडतो. हा बिघाड नसून सुरक्षेची सोय आहे. तसे नसते तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरील विजेचा धक्का बसला असता.

गावठाणातील घराला यामुळे फारसा फरक पडत नाही. पण शेतातील वस्तीवरचे घर शेतीपंपाच्या वाहिनीवर असेल व दिवसाचे अनेक तास वीज नसेल, तर तितके तास पॅनेल ऊन खात नुसते पडून राहते. दिवसाला ४ युनिटे धरलेला हिशेब तेथे २ युनिटांवर येऊ शकतो. अशा कुटुंबाने महिनाभर, सकाळी ९ ते सायंकाळी ४ या वेळेत वीज किती तास होती याची रोज नोंद ठेवावी आणि त्या प्रमाणात उत्पादन कमी धरावे.

बॅटरीचा संच घेतल्यास वीज गेली तरी दिवे-पंखे चालतात. परंतु बॅटरीचा खर्च बराच येतो व पॅनेलच्या आयुष्यात ती अनेकदा बदलावी लागते. बॅटरी सोयीसाठी घ्यावी. तिच्यामुळे बिलात जास्त बचत होईल असे समजू नये.

शेतीपंपाचा हिशेब वेगळा

राज्य शासनाच्या बळीराजा मोफत वीज योजनेनुसार एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली आहे. त्यामुळे अशा पंपाला सौर पॅनेल लावून बिलाची बचत होत नाही. तेथे फायदा आहे तो रात्रीचे पाणी देणे टळण्याचा, म्हणजेच थंडी, साप-विंचू व जागरण यांपासून सुटकेचा. तो मोठा आहे, पण रुपयांत मांडता येत नाही.

डिझेल इंजिनवर पाणी उपसणाऱ्यांचे गणित निराळे आहे. ५ अश्वशक्तीचे इंजिन तासाला सुमारे १ लिटर डिझेल खाते. वर्षाला ४०० तास चालविल्यास व डिझेल ९० रुपये लिटर धरल्यास केवळ इंधनावर रु. ३६,०००/- जातात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यांचा हिस्सा १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के ठेवण्यात आला. डिझेलवर अवलंबून असलेल्यांना हा हिस्सा थोड्याच काळात वसूल होतो.

बसविताना व बसविल्यानंतर

१. जागा : १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा धरावी. पाण्याची टाकी, कडुनिंब, नारळ यांची सावली सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत पडता कामा नये. एका पॅनेलवर पडलेली सावली ओळीतील इतर पॅनेलचेही उत्पादन घटविते.

२. दिशा : पॅनेलचे तोंड दक्षिणेस व उतार साधारण १५ ते २० अंश ठेवावा.

३. सांगाडा : वादळी वाऱ्यात टिकेल असा गंजरोधक सांगाडा असावा. जुन्या पत्र्याच्या किंवा कौलारू छपरावर बसविण्यापूर्वी वासे व भिंती भार पेलतील का ते जाणकाराकडून पाहून घ्यावे.

४. संरक्षण : संचासाठी स्वतंत्र अर्थिंग व वीज पडण्यापासून संरक्षण करणारी सळई असल्याची स्वतः खात्री करावी. घराच्या विम्यात संचाचा समावेश करावा.

५. स्वच्छता : धूळ साचल्यास उत्पादन घटते. पंधरा दिवसांनी, ऊन चढण्यापूर्वी, मऊ फडक्याने व साध्या पाण्याने पॅनेल पुसावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी काचेवर पांढरे डाग पाडते. तापलेल्या पॅनेलवर थंड पाणी कधीही ओतू नये.

६. नोंद : इन्व्हर्टरवरील युनिटे दर महिन्याच्या १ तारखेला वहीत लिहावीत. मागील वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा उत्पादन बरेच घटले असेल, तर पुरवठादारास लगेच कळवावे.

दरपत्रक घेताना

किमान तीन पुरवठादारांकडून लेखी दरपत्रके घ्यावीत. त्यात पॅनेल व इन्व्हर्टरची कंपनी, क्षमता, हमीचा काळ, नेट मीटरचा खर्च व पाच वर्षांची देखभाल यांचा स्पष्ट उल्लेख असावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. दरपत्रक जुन्या दराने केलेले नाही ना, हे पाहून घ्यावे. वीजदर दरवर्षी वाढेल असे गृहीत धरून केलेला हिशेब स्वीकारू नये. आजच्या दराने, तसेच तो १० टक्के कमी झाल्यास काय होईल, असे दोन्ही हिशेब मांडून पाहावेत.

सारांश, मागील बारा महिन्यांची वीजबिले काढावीत. प्रत्येक महिन्यात १०० च्या वर किती युनिटे गेली ती लिहून त्यांची सरासरी काढावी व तिला १२० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे आपल्या घराला खऱ्या अर्थाने परवडणारे किलोवॅट होत. पहिल्या घरात १८० ला १२० ने भागले की दीड येते. म्हणून तेथे २ किलोवॅट योग्य व ३ जास्त ठरले. हा आकडा हातात घेऊनच पुरवठादाराशी बोलावे आणि अडचण आल्यास महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात किंवा जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात बिले घेऊन जावे.